एक्सेलमधले आठवडा क्रमांक: २९ डिसेंबर ५३व्या आठवड्यात की पहिल्या?

भोसरीकर
२९ डिसेंबर २०२५, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंग कारखान्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. आमचा बराचसा माल जर्मनीला जातो. तिकडून जे शेड्यूल येतं त्यात तारीख नसते, 'केडब्ल्यू १४: ४८०० नग' एवढंच असतं. केडब्ल्यू म्हणजे त्यांच्याकडचा कॅलेंडर आठवडा.

आमच्या शीटमध्ये डिस्पॅचच्या तारखेपुढे =वीकनम(ए२) असं सूत्र आहे. वर्षभर हा आकडा त्यांच्या केडब्ल्यूशी बरोबर जुळला. आज सोमवारचा डिस्पॅच टाकला तर शीटमध्ये ५३ आला, आणि त्यांच्या शेड्यूलमध्ये हा आठवडा केडब्ल्यू १ आहे, तोही २०२६चा. पुढच्या तारखा टाकून पाहिल्या. ३१ डिसेंबरपर्यंत ५३ आणि १ जानेवारीपासून १. म्हणजे एकाच आठवड्याचे दोन तुकडे पडतात आणि साप्ताहिक बेरीज दोन ओळींत जाते.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. तारखेवरून त्यांच्यासारखाच आठवडा यावा. केडब्ल्यू १४ वरून सोमवारची तारीख काढता यावी. आणि डिलिव्हरीच्या आठवड्यातून सहा आठवडे मागे जाऊन कच्चा माल कधी मागवायचा ते कळावं.

(सूत्रांतली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, उत्तर देणाऱ्यांनीही तसंच लिहिलं तर धागा वाचायला एकसारखा राहील. शीटमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.)

---

अनुजा
२९ डिसेंबर, सकाळी ११:२५

=आयएसओवीकनम(ए२) वापरा. एक्सेल २०१३ पासून आहे, गूगल शीट्स आणि लिब्रऑफिसमध्येही आहे. मशीनवर एक्सेल २०१० असेल तर =वीकनम(ए२,२१). दोन्हींचं उत्तर एकच.

---

भोसरीकर
२९ डिसेंबर, सकाळी ११:४०

अनुजा, चाललं! १ आला. पण आता पुढे वर्ष लावायला =इयर(ए२) घेतलं तर '२०२५, आठवडा १' असं दिसतंय. हा तर गेल्या जानेवारीतला आठवडा झाला. आणि वर्षभर साधं वीकनम जुळत होतं ते कसं काय?

---

तारीखवही
२९ डिसेंबर, दुपारी १:०५

भोसरीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यातच खरी मेख आहे.

साधं वीकनम असं मोजतं: १ जानेवारी ज्या आठवड्यात येईल तो पहिला, आणि आठवडा रविवारी सुरू. मग त्या पहिल्या आठवड्यात एकच दिवस असला तरी चालतो. जर्मनीत, किंबहुना बहुतेक युरोपात, आयएसओ ८६०१ हे मानक चालतं. त्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात असेल तो पहिला आठवडा. गुरुवार हा सोमवार ते रविवारातला मधला दिवस. तो ज्या वर्षात पडतो त्या वर्षात त्या आठवड्याचे किमान चार दिवस असतातच. त्यामुळे ४ जानेवारी नेहमी पहिल्या आठवड्यात असते आणि २८ डिसेंबर नेहमी शेवटच्या.

आता २०२५ बघा. १ जानेवारीला बुधवार होता. दोन्ही पद्धतींत तो आठवडा पहिलाच ठरला, म्हणून सोमवार ते शनिवार वर्षभर आकडे एकसारखे आले. फक्त रविवारी फरक पडत होता. तुमचा रविवारी डिस्पॅच नसेल तर तो दिसलाही नसेल. २०२३ आणि २०२४ मध्येही असंच जुळत होतं आणि २०२६ मध्येही जुळेल. खरी गडबड २०२७ मध्ये आहे. १ जानेवारी २०२७ ला शुक्रवार आहे. साधं वीकनम तो आठवडा पहिला धरणार, आयएसओ त्याला २०२६चा ५३वा म्हणणार. मग सोमवार ४ जानेवारी २०२७ ला वीकनम २ दाखवेल आणि तुमच्या ग्राहकाचा केडब्ल्यू १ असेल. हा एकाचा फरक पूर्ण वर्षभर राहील, आणि २०२८ मध्येही. २०२१ आणि २०२२ मध्ये असाच होता.

म्हणून चार वर्षं बिनतक्रार चाललेल्या शीटवर विसंबू नका. ज्यांच्या शीटमध्ये साधं वीकनम आहे आणि समोरचा युरोपातला आहे, त्यांनी ते आत्ताच बदलावं.

आता वर्ष. आठवडा कोणत्या वर्षाचा हे गुरुवार ठरवतो, तेव्हा वर्षही त्या आठवड्यातल्या गुरुवारचंच घ्यायचं:

=इयर(ए२-वीकडे(ए२,२)+४)

वीकडे(ए२,२) सोमवारला १ आणि रविवारला ७ देतं. तारखेतून तेवढे दिवस वजा केले की आदल्या रविवारी पोचतो, त्यात ४ मिळवले की गुरुवार. आजच्या तारखेचा गुरुवार म्हणजे १ जानेवारी २०२६, म्हणून वर्ष २०२६. =इयर(ए२) आणि आयएसओवीकनम शेजारीशेजारी ठेवणं हे या विषयातलं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनाही ते भेटतं. जावामध्ये तारखेच्या साच्यात वर्षाचा वाय मोठ्या अक्षरांत लिहिला की आठवड्याचं वर्ष येतं आणि छोट्या अक्षरांत लिहिला की कॅलेंडरचं. वर्षातले ३६० दिवस दोन्ही सारखेच दिसतात.

---

गणेश_पिंपरी
२९ डिसेंबर, दुपारी १:३०

तारीखवही सर, २०२६ला ५३ आठवडे असणार ना मग? आमच्या कंपनीच्या प्लॅनिंग शीटला ५२च कॉलम आहेत.

---

तारीखवही
२९ डिसेंबर, दुपारी १:४२

हो, ५३. १ जानेवारीला गुरुवार असेल किंवा लीप वर्षात बुधवार असेल, तर ५३ आठवडे होतात. २०२० नंतर आता २०२६, मग २०३२ आणि २०३७. ४०० वर्षांत अशी ७१ वर्षं येतात. पाठ करायची गरज नाही, २८ डिसेंबर शेवटच्या आठवड्यात असतेच:

=आयएसओवीकनम(डेट(२०२६,१२,२८))

याचं उत्तर ५३. तुमच्या शीटला आजच एक कॉलम वाढवा. २८ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी २०२७ हा तो आठवडा.

---

तारीखवही
२९ डिसेंबर, दुपारी २:३०

भोसरीकर, राहिलेले दोन प्रश्न.

केडब्ल्यूवरून सोमवार: समजा बी२ मध्ये वर्ष आहे, सी२ मध्ये आठवडा.

=डेट(बी२,१,४)-वीकडे(डेट(बी२,१,४),३)+(सी२-१)*७

४ जानेवारी पहिल्या आठवड्यात असते. वीकडेला शेवटी ३ दिला की सोमवारला ०, मंगळवारला १ असं मिळतं, म्हणजे ४ जानेवारीतून ते वजा केलं की पहिल्या आठवड्याचा सोमवार. पुढे हवे तितके आठवडे चालत जायचं. २०२६ च्या ४ जानेवारीला रविवार आहे, म्हणून ६ वजा होऊन २९ डिसेंबर २०२५, म्हणजे आजचाच दिवस. त्यात १३ आठवडे मिळवले की केडब्ल्यू १४ चा सोमवार: ३० मार्च २०२६.

आता सहा आठवडे मागे. इथे माझा आग्रह आहे, आणि धाग्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आठवड्याच्या क्रमांकावर कधीही बेरीज-वजाबाकी करू नका. केडब्ल्यू ३ मधून ६ वजा केले तर उणे ३ येतं. मग कोणीतरी त्यात ५२ मिळवायचं इफ लिहितं, आणि ५३ आठवड्यांच्या वर्षानंतरच्या जानेवारीत तेच इफ चुकतं. त्याऐवजी प्रत्येक ओळीत त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख ठेवा आणि सगळा हिशेब तिच्यावर करा. २०२६ चा केडब्ल्यू ३ म्हणजे सोमवार १२ जानेवारी. ४२ दिवस वजा केले की १ डिसेंबर २०२५. आता हवं तर त्याला क्रमांक द्या, तो ४९ येईल. क्रमांक ग्राहकाला दाखवायला आहे. सॉर्ट, फिल्टर, लुकअप, बेरीज, सगळं सोमवारवर.

कुठल्याही तारखेवरून सोमवार:

=इंट(ए२)-वीकडे(ए२,३)

इंट विसरू नका. तारखेसोबत वेळ असली, म्हणजे गूगल फॉर्ममधून किंवा ईआरपीतून आलेली नोंद असली, तर इंटशिवाय 'सोमवार सकाळी १०:४५' अशी किंमत तयार होते. खान्यात ती सोमवारसारखीच दिसते, पण लुकअपमध्ये जुळत नाही. मग माणूस तासभर डोळे फाडून दोन सारख्या तारखा बघत बसतो.

---

भोसरीकर
२९ डिसेंबर, दुपारी ३:१५

हे फारच कामाचं आहे. सोमवारचा कॉलम लावला. आता साप्ताहिक बेरीज अशी करतोय:

=समइफ्स(डी:डी,ए:ए,">="&जी२,ए:ए,"<="&जी२+६)

जी२ मध्ये सोमवार. बरोबर आहे ना?

---

अनुजा
२९ डिसेंबर, दुपारी ३:२२

शेवटची अट "<"&जी२+७ अशी करा. जी२+६ म्हणजे रविवार मध्यरात्री ००:००. रविवारी दिवसभरातल्या वेळेसह आलेल्या नोंदी त्याच्या पुढे जातात आणि बेरजेतून गळतात. 'पुढच्या सोमवारच्या आधी' ही अट वेळ असो वा नसो, दोन्हीकडे चालते.

---

स्टुटगार्टकर
२९ डिसेंबर, रात्री ८:४०

मी इथे स्टुटगार्टजवळ सप्लाय चेनमध्ये आहे, म्हणजे भोसरीकरांच्या शेड्यूलच्या दुसऱ्या टोकाला. इथे आठवड्याचा क्रमांक फक्त कारखान्यात चालत नाही. सुतार 'केडब्ल्यू १८ ला दारं बसवतो' म्हणतो, ऑफिसात रजाही आठवड्याच्या क्रमांकाने सांगतात. त्यामुळे तुमच्याकडे कोणी '१४ म्हणजे नक्की कोणती तारीख?' असं विचारलं तर इथल्या माणसाला आश्चर्य वाटतं.

तुमची फाइल इथे उघडली की काय होतं ते सांगतो, उपयोगी पडेल. जर्मन एक्सेलमध्ये फंक्शनची नावं जर्मन असतात. वीकडेचं वोखेनटाग, डेटचं डाटुम, इयरचं यार. फाइल उघडताना एक्सेल ही नावं आपोआप बदलतं, स्वल्पविरामांच्या जागी अर्धविरामही टाकतं. त्याची काळजी नको. पण टेक्स्ट फंक्शनमधले अवतरणातले साचे एक्सेल बदलत नाही. तुम्ही टेक्स्टने वर्षासाठी चार वाय लिहिलेत, तर जर्मन एक्सेलला चार जे हवे असतात, कारण वर्ष म्हणजे यार. मग खान्यात २०२६ ऐवजी नुसती चार अक्षरं दिसतात. ग्राहकाला जाणाऱ्या फाइलमध्ये वर्ष नेहमी इयर फंक्शनने काढा. टेक्स्ट फक्त "००" साठी वापरा, शून्यं सगळीकडे चालतात.

=इयर(जी२+३)&"-डब्ल्यू"&टेक्स्ट(आयएसओवीकनम(जी२),"००")

जी२ सोमवार असल्यामुळे जी२+३ हा गुरुवार. लेबल २०२६-डब्ल्यू०१ असं येतं. मानकातही असंच लिहितात, आणि मजकूर म्हणून सॉर्ट केलं तरी क्रम बिघडत नाही. ती दोन शून्यं सोडलीत तर १० हा २ च्या आधी येईल.

---

तारीखवही
२९ डिसेंबर, रात्री ९:१०

स्टुटगार्टकर, टेक्स्टचा मुद्दा अगदी मोलाचा. सॉर्टचाही. आणि हे मानक परकं म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने आयएस ७९०० या क्रमांकाखाली तेच स्वीकारलेलं आहे.

---

रेवा
३० डिसेंबर, सकाळी ७:०५

मी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य विभागात साथरोगांच्या आकडेवारीवर काम करते. इथे आणखी तिसरी पद्धत आहे. सीडीसीचा, म्हणजे इथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, साथरोग आठवडा रविवार ते शनिवार असतो, पण पहिला आठवडा कोणता हे मात्र आयएसओसारखं, म्हणजे किमान चार दिवस नव्या वर्षात हवेत. साधं वीकनम चालत नाही, आयएसओवीकनमही चालत नाही. माझे सहकारी =आयएसओवीकनम(ए२+१) वापरतात. तारीख एक दिवस पुढे ढकलली की रविवारचा सोमवार होतो, असा विचार. हे बरोबर आहे का?

---

तारीखवही
३० डिसेंबर, सकाळी ९:२०

रेवाताई, बहुतेक वर्षं बरोबर, आणि नेमकं या आठवड्यात चूक.

तुमच्या आठवड्याचा मधला दिवस बुधवार. चार दिवसांचा नियम म्हणजे बुधवार ज्या वर्षात, आठवडा त्या वर्षाचा. एक दिवस पुढे ढकललं की आयएसओ त्या बुधवारचा गुरुवार करून बघतं. बुधवार ३१ डिसेंबरला आला तर गुरुवार नव्या वर्षात जातो. या वर्षी तेच झालंय: रविवार २८ डिसेंबर ते शनिवार ३ जानेवारी या आठवड्याचा बुधवार ३१ डिसेंबर २०२५ आहे. चार दिवस २०२५ मध्ये, तीन २०२६ मध्ये. तुमच्या पद्धतीने हा २०२५चा ५३वा आठवडा, पण +१ ची युक्ती त्याला १ म्हणते. त्यापुढे २०२६ भर ती सगळे आठवडे एकने जास्त दाखवत राहील. ३ जानेवारीनंतरचा आठवडा तुमचा पहिला असेल आणि सूत्र २ म्हणेल.

सरळ बुधवारवर मोजा. एका मदतीच्या कॉलममध्ये बुधवार काढा:

=इंट(ए२)-वीकडे(ए२)+४

तो एच२ मध्ये असेल तर वर्ष =इयर(एच२), आणि आठवडा:

=इंट((एच२-डेट(इयर(एच२),१,१))/७)+१

३१ डिसेंबर २०२५ साठी १ जानेवारीपासूनचे दिवस ३६४, भागिले ७ बरोबर ५२, अधिक १ म्हणजे ५३. हाच साचा आयएसओलाही लागू पडतो, फक्त बुधवारच्या जागी गुरुवार घ्यायचा. कुठल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओवीकनम नसेल तर मी हेच वापरतो.

---

रेवा
३० डिसेंबर, सकाळी ९:५०

तपासून पाहिलं. २०१४ च्या शेवटच्या आठवड्यातही हाच फरक दिसतोय, तेव्हाही ३१ डिसेंबरला बुधवार होता. आज टीमला पाठवते, शुक्रवारच्या आत बदलायला हवं. मनापासून आभार.

---

कारखाना_हिशेब
३० डिसेंबर, दुपारी १२:१५

साखर कारखान्यात हिशेब विभागात आहे. आमचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत जातो, त्यामुळे जानेवारीत आठवडा १ आला की सगळा तक्ता उलटा होतो: आधी १ ते १२, मग ४५ ते ५२. आम्हाला हंगामाचा पहिला, दुसरा, तिसरा आठवडा हवा. दर आठवड्याचं गाळप आणि उतारा (उसातून मिळालेल्या साखरेची टक्केवारी) असा तक्ता आहे. उताऱ्यासाठी सात दिवसांच्या उताऱ्यांची सरासरी घेतो.

---

अनुजा
३० डिसेंबर, दुपारी १२:४०

गळीत सुरू झाल्याची तारीख के१ मध्ये ठेवा.

=इंट((ए२-$के$१)/७)+१

सुरुवात गुरुवारी झाली असेल तर तुमचा हंगामी आठवडा गुरुवार ते बुधवार होईल. सोमवार ते रविवारच हवा असेल तर दोन्ही तारखांचे सोमवार काढून, वजा करून, ७ने भागा आणि १ मिळवा. डॉलरची चिन्हं ठेवा, नाहीतर सूत्र खाली ओढल्यावर के१ चा के२ होतो.

---

तारीखवही
३० डिसेंबर, दुपारी १:१०

उताऱ्याबद्दल एक सांगू का? सात दिवसांच्या टक्केवारीची साधी सरासरी घेऊ नका. ज्या दिवशी मिल अर्धा दिवस बंद होती त्या दिवसाच्या उताऱ्याला पूर्ण गाळपाच्या दिवसाइतकंच वजन मिळतं. समजा सहा दिवस रोज ५००० टन गाळप आणि ११ टक्के उतारा, सातव्या दिवशी १००० टन आणि ९ टक्के. साधी सरासरी १०.७१ येते. खरा उतारा मात्र एकूण साखर भागिले एकूण ऊस: ३३९० टन भागिले ३१००० टन, म्हणजे १०.९४. ऊसदराचं गणित उताऱ्यावर उभं असतं, तिथे हा फरक लहान नाही. आठवड्याच्या साखरेचं समइफ्स भागिले आठवड्याच्या उसाचं समइफ्स, एवढंच करा.

---

कारखाना_हिशेब
३० डिसेंबर, दुपारी १:२५

बरोबर आहे सर. साखरेच्या पोत्यांचा कॉलम आहेच, टनात करून घेतो.

---

गॅरेजवाला_नगर
३० डिसेंबर, सायंकाळी ६:००

आठवडा क्रमांक म्हटल्यावर आम्हाला टायर आठवतो. टायरच्या कडेला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात: ३५२३ म्हणजे २०२३चा ३५वा आठवडा. स्टॉकची यादी एक्सेलमध्ये आहे, पण ०३२५ टाकला की ३२५ होतो. काय करावं?

---

अनुजा
३० डिसेंबर, सायंकाळी ६:१५

तो कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅट करा आणि मग आकडे टाका, पुढचं शून्य टिकेल. आधीच टाकलेल्यांसाठी =टेक्स्ट(बी२,"००००"). त्यावरून टायर तयार झाल्याचा अंदाजे सोमवार काढायचा तर तारीखवहींच्याच सूत्रात वर्षाच्या जागी २०००+राइट(सी२,२) आणि आठवड्याच्या जागी लेफ्ट(सी२,२) घाला. ०३२५ साठी १३ जानेवारी २०२५ येईल. टायरचं वय बघायला एवढं पुरे, तिथे दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. २००० सालाआधीच्या टायरांवर तीनच आकडे असायचे, पण तसा टायर आता कोणी गाडीला लावूच नये.

---

भोसरीकर
३१ डिसेंबर, सकाळी १०:३०

आणखी एक अडलंय. आठवड्याची क्षमता काढायला कामाचे दिवस हवेत. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी कारखाना चालू. नेटवर्कडेज शनिवार-रविवार वगळतं.

---

गणेश_पिंपरी
३१ डिसेंबर, सकाळी १०:४५

आमचीही गुरुवारीच. =नेटवर्कडेज.इंटल(जी२,जी२+६,१५,सुट्ट्या) लावा. १५ म्हणजे फक्त गुरुवार बंद. ११ म्हणजे फक्त रविवार, तिथून पुढे एकेक वार. 'सुट्ट्या' हे दुसऱ्या शीटवर सणांच्या तारखांना दिलेलं नाव.

---

तारीखवही
३१ डिसेंबर, सकाळी ११:१५

याची मला आवडणारी गोष्ट अशी की सण आणि साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी आली तर तो दिवस दोनदा वजा होत नाही. हाताने '७ वजा १ वजा सण' करणारे इथे फसतात. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे. तुमच्याकडे १२व्या आठवड्यात सहाच्या सहा दिवस काम होईल. २६ जानेवारी सोमवारी आहे, तेव्हा ५व्या आठवड्यात पाच. महाराष्ट्र दिन शुक्रवारी, १८व्या आठवड्यात पाच.

सुट्ट्यांची यादी खऱ्या तारखांची आहे ना, ते एकदा बघून घ्या. कोणी मेलमधून कॉपी करून चिकटवल्या असतील तर त्या मजकूर म्हणून बसलेल्या असू शकतात. =इजनंबर(एल२) खोटं दाखवलं तर तो मजकूर. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा: संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असली तर ०५/०३/२०२६ ची तारीख ३ मे होते आणि इजनंबर खरंच दाखवतं. १३ आणि पुढच्या तारखा मजकूर राहिल्या आहेत आणि १२ पर्यंतच्या मात्र तारखा झाल्या आहेत, असं दिसलं तर हेच कारण समजा.

---

भोसरीकर
३१ डिसेंबर, दुपारी १२:२०

यादीत चार तारखा मजकूर निघाल्या. दुरुस्त केल्या.

२०२६ चा पूर्ण तक्ता असा लावला: पहिल्या खान्यात २९ डिसेंबर २०२५, मग =सिक्वेन्स(५३,१,जी२,७) ने ५३ सोमवार. शेजारी लेबल, कामाचे दिवस, समइफ्सची बेरीज. ग्राहकाला फक्त लेबल आणि नग दिसतात, सोमवारचा कॉलम लपवला आहे. एक शंका: एका विभागात एक्सेल २०१६ आहे, तिथे सिक्वेन्स चालेल का?

---

अनुजा
३१ डिसेंबर, दुपारी १२:३०

नाही चालणार, ते एक्सेल २०२१ आणि ३६५ मध्ये आहे. २०१६ मध्ये दुसऱ्या ओळीत =जी२+७ लिहून खाली ओढा, तेच होतं. आणि सोमवारचा कॉलम लपवण्यापेक्षा ग्राहकासाठी वेगळी शीट करा. लपवलेला कॉलम कोणीतरी एक दिवस काढून टाकतो.

---

दूधगंगाकाठ
३१ डिसेंबर, दुपारी ४:१०

सगळे आठवड्यावर बोलताय, आमच्या दूध संस्थेत बिल दहा दिवसांचं असतं: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. शेवटचा टप्पा कधी ८ दिवसांचा, कधी ११. याला काही सूत्र आहे का?

---

तारीखवही
३१ डिसेंबर, सायंकाळी ५:००

आहे, आणि ते आठवड्यापेक्षा सोपं आहे, कारण टप्पा महिन्याची हद्द ओलांडत नाही.

=मिन(३,इंट((डे(ए२)-१)/१०)+१)

३१ तारखेला इंटचा भाग ४ देतो, मिन त्याला ३ वर थांबवतं. पण इथेही तोच सल्ला: नुसता १, २, ३ ठेवू नका, टप्प्याच्या पहिल्या दिवसाची तारीख ठेवा. टप्पा एम२ मध्ये असेल तर

=डेट(इयर(ए२),मंथ(ए२),(एम२-१)*१०+१)

आणि शेवटचा दिवस:

=इफ(एम२=३,इओमंथ(ए२,०),डेट(इयर(ए२),मंथ(ए२),एम२*१०))

सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं संकलन वेळेसह नोंदवत असाल तर बेरजेची अट 'शेवटच्या दिवसानंतरच्या दिवसाच्या आधी' अशी ठेवा, अनुजांनी वर सांगितलं तशी. नाहीतर १०, २० आणि महिनाअखेरीच्या तारखेचं दूध उत्पादकाच्या बिलात येणार नाही.

---

दूधगंगाकाठ
३१ डिसेंबर, सायंकाळी ५:४०

वेळेसह असतं, मशीनवरून येतं. ते आधी बदलतो, उद्या डिसेंबरच्या शेवटच्या टप्प्याची बिलं काढायची आहेत.